इष्णूच्या ऐकायच्या जागा

इष्णू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पेटी पुसत होतो. गुरुवारची सकाळ, नऊ वाजले असतील. आमच्या चाळीत सगळ्यांचे फोन खालच्या वाण्याकडे येतात. वाणी स्वतः जिना चढून वर आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "बुवा, मेस्त्रींच्या घरून फोन होता." हातातलं फडकं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून तसंच फिरत राहिलं... चारच दिवस झाले होते, रविवारी हीच पेटी तो स्वतः घेऊन आला होता. चादरीत बांधून, खांद्यावर टाकून, जोगेश्वरीचा आमचा चढ चढत. धाप लागली होती त्याला. मी म्हटलं, "रिक्षा करायची रे." तर म्हणाला, "रिक्षात धक्के बसतत. सूर हलतलो." मग भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "वाजव." मी भाता सोडला, माझी गायची पट्टी काळी चार दाबली आणि आवाज लावला. वरच्या 'सा'पर्यंत गळा लोण्यासारखा गेला. इष्णू डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "बुवा, तुझी काळी चार अजून तशीच आसा रे." मी म्हटलं, "माझी आहेच. तुझी कधीच गेली." तो हसला, थोडा खोकला, पाणी प्यायला आणि गेला. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहायचं ठरलं तेव्हा आमच्या भजन मंडळातला एक बँकेत कामाला असलेला गडी म्हणाला, बुवा तुम्ही नुसतं सांगा, मी लिहून काढतो. मी म्हटलं, माझा दोस्त गेलाय, तुझा नाही. तेव्हा यात जे वाकडंतिकडं असेल ते माझं आहे.

इष्णू, म्हणजे विष्णू मेस्त्री, पेट्या दुरुस्त करायचा. आम्ही एकाच गावचे, समुद्राकडच्या वाडीतले. मी मुंबईत येऊन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागलो, त्याने लाकडाचं काम सोडून पेटीचं धरलं. दुकान नव्हतं त्याचं. खाकी पिशवीत दोन कानशी, एक पोलादी पट्टी, मेण, कातड्याचे तुकडे आणि एक जुनी सुती बंडी, पितळ पुसायला. ती पिशवी घेऊन तो घरोघर जायचा. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्या बिल्डिंगीत कुणाकडे पेटी आहे, कोण वाजवतं आणि कोण नुसती कपाटावर ठेवतं, हे त्याला पाठ होतं. लोक म्हणतात, उपनगरात काय आहे, गाणं ऐकायचं तर गिरगाव-दादरला जावं लागतं. कुणी असं म्हटलं की इष्णू त्याच्याकडे असा बघायचा, जसा ताटात वाढलेलं असताना उपाशी राहिलेल्याकडे बघावं. मग विचारायचा, "रविवारी काय करतस?" आणि त्याला घेऊन जायचा. मला तर त्याने किती रविवार नेलं त्याला गणती नाही.

त्याच्या ऐकायच्या जागा ठरलेल्या होत्या. हॉलमध्ये खुर्चीवर बसून ऐकणं त्याला पटायचं नाही. म्हणायचा, तिथे माणूस ऐकवायला बसतो. जिथे तो आपल्यासाठीच गातो तिथे जाऊन उभं राहायचं. मुलुंडला एका मद्रासी कुटुंबातली पोर सकाळी सात वाजता वीणा वाजवायची. ती ऐकायची तर त्यांच्या दारात नाही, जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे खिडकीतून नारळाचं झाड दिसतं. एक पायरी वर गेलं की नुसती तार ऐकू येते, एक पायरी खाली आलं की नुसता घुमारा. वळणावर दोन्ही. मी म्हटलं, हे खोटं, तर त्याने मला तिन्ही पायऱ्यांवर उभं करून दाखवलं. तेवढ्यात वरून त्या पोरीच्या आई दूध घ्यायला उतरल्या. मी चोरासारखा भिंतीला लागलो, तर इष्णू त्यांना म्हणतो कसा, "थोडा वेळ ऱ्हवा, आता बरा येतला." त्या खरंच थांबल्या. हातात दुधाची रिकामी किटली आणि आपल्याच मुलीचं ऐकतायत, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं.

वर्सोव्याला जायचं ते दुपारी उन्हं कलल्यावर. पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसायचं. कोळणी मासळी निवडताना गातात, पण वारा खाडीकडून असला तरच ऐकू येतं, नाहीतर सगळं मढच्या बाजूला उडून जातं. इष्णू आधी बोट ओलं करून वारा बघायचा. वारा उलटा असला की उठून पलीकडे जाणाऱ्या तरीत बसायचा, मला घेऊन मढला उतरायचा आणि गाणं पलीकडच्या काठावरून ऐकायचा. अंधेरीला देवळाच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या देवळाच्या, मागच्या भिंतीशी चिकूचं झाड आहे. शनिवारी संध्याकाळी आत गाण्याची तालीम चालते, बायका वरून, पुरुष खालून, चार आवाज एकावर एक. त्यांची पायपेटी इष्णूच लावायचा. मला त्यातला शब्द कळला नाही कधी. पण झाडाखाली उभं राहिलं की वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुठेतरी ऊन पडलंय... बोरिवलीला चिंचेखाली बँडवाले दुपारी बनियनवर बसून लग्नाची गाणी घासतात, तिथे क्लॅरनेटवाल्याच्या डाव्या हाताला बसायचं. घाटकोपरला नवरात्राआधी गच्चीवर बायकांचा गरबा बसतो, तो खालून, पाण्याच्या टाकीला कान लावून. हसू नका. टाकीत टाळ्या अशा वाजतात, की पोटात जाऊन बसतात.

आणि जोगेश्वरीची गुंफा. ती आमच्या घराजवळची, म्हणून मला तिचं काही वाटायचं नाही. इष्णू मात्र दरवर्षी आषाढ संपताना एकदा मला तिथे न्यायचाच. आत गारवा असतो, वरून पाणी ठिबकत असतं, खांबांच्या मधून उजेड येतो तो दुधासारखा. मधल्या दालनात मला उभं करायचा आणि म्हणायचा, "बुवा, आ लाव. पेटी नको, काय नको. गळ्यात येयत तो." मी आवाज लावायचो. तो चारी भिंतींना लागून परत यायचा आणि माझ्याच छातीत शिरायचा. मग म्हणायचा, "आता वर जा. जाशीत थय जा." गळा जाईल तिथवर मी जायचो. इष्णू खांबाला पाठ लावून डोळे मिटून ऐकायचा, बोटाने मांडीवर काहीतरी मोजल्यासारखं करायचा. मला वाटायचं, माझ्या आवाजात रमला आहे. दुसऱ्या दिवशी येऊन पेटी घेऊन जायचा, गणपतीच्या आधी साफ करायला म्हणून. आठ दिवस ठेवायचा.

आता माझ्या गाण्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे दोन भजन मंडळांची बारी होते. समोरासमोर बसायचं, एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मंडळाचा जो मुख्य, तो बुवा. बुवाचा मान त्याच्या पट्टीवर. पेटीवरची जितकी वरची पट्टी धरून तो गाईल तितका तो मोठा. मी काळी चारवाला बुवा. विशीत धरली ती काळी चार मी सोडली नाही. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभं राहून संध्याकाळी मांडवात काळी चार लावायची, हे सोपं नाही. आणि माझा एक नेम होता. दुसऱ्याच्या पेटीवर मी गात नाही. कुणी कितीही भारी पेटी पुढे केली तरी नाही. इष्णू या बाबतीत माझ्या बाजूने असायचा. "बरोबर बोलतस. आपली पेटी ती आपली."

मग गिरणी बंद झाली. आज उघडेल, उद्या उघडेल करत वर्ष गेलं आणि मी दिंडोशीच्या एका कॉलनीत पाण्याचा पंप चालू-बंद करायला लागलो. तिथे मला कुणी नावाने हाक मारत नसे. पंपवाला म्हणायचे. मी मानेने हो म्हणायचो, कारण संध्याकाळी चाळीत आलो की मी परत बुवा होतो. त्याच सालच्या गणपतीत मुलुंडच्या मंडळाबरोबर बारी होती. गजर वर चढवला आणि वरच्या 'सा'ला माझा गळा फाटला. एकदा नाही, तीनदा. समोरचा बुवा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्याने टाळ खाली ठेवला आणि मला सावरायला वेळ दिला. त्याने हसायला हवं होतं. ते मला चाललं असतं.

पुढच्या आठवड्यात मंडळात कुजबुज सुरू झाली, की बुवांनी आता बाजूला बसावं. इष्णू माझ्याकडे आला. म्हणाला, "अर्धो सूर खाली ये. पांढरी पाचात गा. कोण इचारता?" मला जे बोलायचं नव्हतं ते मी बोललो. म्हटलं, पेटी घासणाऱ्याने पेटी घासावी, गळ्यातलं तुला काय कळतं. तुझा स्वतःचा गळा बघ, बेडकासारखा झालाय. पट्टी उतरवीन त्या दिवशी गाणं सोडीन, आणि गाणं सोडलं की मग मी पंपवालाच. हे शेवटचं माझ्या तोंडून कसं निघालं ते माहीत नाही. इष्णूने चहा संपवला, कप उपडा घातला आणि निघून गेला. पुढचे कितीतरी महिने तो आला नाही. रविवार मी खोलीत काढले.

आषाढात आला. जसं काही झालंच नव्हतं. "चल गुंफेत." आणि दुसऱ्या दिवशी, "पेटी दे. धूळ बसली असतली." आठ दिवसांनी पेटी आली आणि मी गायलो तर गळा परत आलेला. काळी चार, वरचा सा, सगळं जाग्यावर. मंडळातली तोंडं गप्प झाली. मी सगळ्यांना सांगितलं, ज्येष्ठमध चघळलं, पहाटे उठून मेहनत केली, जिद्द लागते. सहा वर्षं सांगितलं. पंपावरच्या लोकांना सांगितलं. इष्णूलाही सांगितलं, त्याच्याच तोंडावर, आणि तो मान हलवायचा. "तुझी जिद्द खरी रे बुवा."

त्या सहा वर्षांतले रविवार मला आता स्वप्नातल्यासारखे आठवतात. दिंडोशीला माझ्या पंपाच्या खोलीमागे टेकडी आहे. माझी पाळी संपली की तो यायचा आणि आम्ही वर जाऊन बसायचो. सगळीकडे सूर्य मावळताना बघतात, इष्णू तो ऐकायचा. खालून एकेक आवाज वर यायला लागायचा. कुठल्यातरी खिडकीतला रेडिओ, मशिदीची बांग, देवळातली घंटा, आरे कॉलनीतल्या म्हशींच्या गळ्यातलं खुळखुळ, कुणाची तरी पोरगी सारेगम घोकतेय, ती 'ग'ला दरवेळी चुकतेय. हे सगळं वेगवेगळ्या पट्टीतलं, पण टेकडीवर येईपर्यंत त्याचं एकच काहीतरी व्हायचं... निळसर, धुरासारखं. इष्णू म्हणायचा, "एवढी मोठी पेटी कोणी लावली असतली रे?" मी म्हणायचो, "तूच लाव. कानस आण." तो म्हणायचा, "हिका हात लावूचो नाय. ही बरी आसा."

त्याच्या बाराव्याला संध्याकाळी त्याच्या घरी भजन ठेवलं होतं. मी माझी पेटी नेली नव्हती. त्याच्या खोलीत त्याचीच पेटी मांडली होती, ज्या पेटीवरून तो गावभरच्या पेट्या जुळवायचा. सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "भावोजी, आज एकदा यांच्या पेटीवर गा." नेम मोडला मी. बसलो, भाता सोडला, काळी चार दाबली. पहिल्याच ओळीला वर जायला बघितलं तर वाट नव्हती. आवाज फाटला आणि मी थांबलो. मंडळातल्या पोरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बायकांनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांना वाटलं, बुवांना भरून आलं. मला एकट्याला ठाऊक होतं, की भरून आलेलं नाही. गळा पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पेटी चादरीत बांधली, खांद्यावर घेतली आणि त्याच्या घरी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. त्यांनी सूप बाजूला सरकवलं, हात पुसले आणि त्याच्या पेटीचा भाता धरला. मी माझा धरला. दोघांनी काळी चार दाबली. दोन सूर एकमेकांना चावायला लागले. मला, तीस वर्षं साच्यांनी कान बधिर केलेल्या माणसालासुद्धा ते कळलं. मग वहिनींनी न सांगता बोट एक पट्टी खाली सरकवलं, पांढरी पाचवर. आता दोन्ही सूर एकमेकांत जाऊन बसले. नीट ऐकलं तर माझाच थोडा आणखी खाली होता. म्हणजे मी दाबायचो काळी चार आणि गायचो पांढरी पाचात.

पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक जीभ असते. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. माझ्या पेटीत अशा ऐंशीच्या वर जिभा आहेत. वहिनी म्हणाल्या, "दार लावून बसायचे. पहिल्या वर्षी अर्धा सूर खाली आणला, मग दरवर्षी गुंफेतून आले की केसभर. म्हणायचे, बुवाची गिरणी गेली, एवढं तरी राहू दे." मी म्हटलं, "सहा वर्षं मला फसवलं, आणि तुम्हीही काही बोलला नाहीत?" वहिनींनी सूप परत पुढ्यात ओढलं. "भावोजी, तुम्ही ऐकणारे असता तर ते असे घासत बसले असते का?"

मी रागाने पेटी उचलून घरी आलो. खोटं कशाला सांगू, चार-पाच दिवस मी मेलेल्या माणसाशी भांडत होतो. माझ्या गळ्याची परीक्षा घ्यायला मला गुंफेत न्यायचा, आणि मी समजायचो की रमला आहे. मला लहान पोरासारखं खेळवलं त्याने. एवढी जिद्द-जिद्द केलेली, ती त्याच्या कानशीची होती. त्याला हसू आलं असेल का? त्या रविवारी तो हसला होता ते कशाला? मग मला आठवलं, की तो हसून खोकला होता. ऐंशीच्या वर जिभा घासून, चढ चढून, पेटी खांद्यावर घेऊन आलेला माणूस, आणि मी त्याला म्हणतो, तुझी कधीच गेली... त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या रविवारी मी एकटाच गुंफेत गेलो. मधल्या दालनात उभा राहिलो आणि गळ्यात येईल तो आवाज लावला. कुठल्या पट्टीचा होता मला माहीत नाही. भिंतींना लागून परत आला. इष्णू ज्या खांबाला टेकायचा तिथे ओल धरली आहे. मी तिथे पाठ लावून बसलो, डोळे मिटले आणि माझाच आवाज विरताना ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हातारा आवाज आहे. वाईट नाही.

गणपतीला आठ दिवस राहिलेत. बारी घाटकोपरच्या मंडळाशी आहे. आमच्या मंडळातली मंडळी ही पुरवणी वाचतात, त्यांना हे इथेच कळेल, कळू दे. एकाने परवा विचारलं होतं, "बुवा, मेस्त्री गेले, आता पेटी कुणाकडून लावून घेणार?" मी म्हटलं, कुणाकडून नाही. या पेटीला कुणीही हात लावायचा नाही. पुढच्या सालापर्यंत गळा आणखी उतरेल. पेटी आता उतरायची नाही. तेव्हा मी बोट एक पट्टी खाली सरकवीन, आणि मांडवात बसलेल्यांना मोठ्याने सांगीन, की बुवा पट्टी उतरवतोय. मला उतरवता येते ती. आता येते.

पेटी कोनाड्याखाली आहे, इष्णूने ठेवली होती तिथेच. वहिनींनी नंतर दिलेली त्याची कानस वर कोनाड्यात आहे, बंडीच्या फडक्यात गुंडाळलेली. दुपारी चाळ शांत झाली की मी भाता सोडतो आणि काळी चार दाबून ठेवतो, गात नाही. तो सूर बाहेर कुठल्याच पेटीवर काळी चार म्हणून मिळायचा नाही. दार उघडं ठेवतो. काल वाणी वर आला होता, उंबऱ्याबाहेर थांबला आणि म्हणाला, "वाजवा बुवा, तुमचं चालू द्या." मी त्याला म्हटलं, तिथे नको उभा राहूस. जिन्याच्या वळणावर जा. तिथून बरं ऐकू येतं.